मधुमेह कोणत्या वयात जडला?
प्रश्न (श्रीरामपूर): वडिलांना साठीत आणि मुलाला पस्तिशीत मधुमेह झाल्यास दोघांचा धोका सारखाच का?

उत्तर: सारखा नसतो. १९ श्रीमंत देशांतील सुमारे १५ लाख व्यक्तींवरील २०२३च्या अभ्यासानुसार, निदान दहा वर्षे आधी झाल्यास आयुर्मान, म्हणजे जगण्याची सरासरी वर्षे, ३ ते ४ वर्षांनी घटते. अमेरिकी आकड्यांप्रमाणे, तिसाव्या वर्षी निदान झालेले पन्नाशीतील मधुमेही मधुमेह नसलेल्यांपेक्षा सरासरी १४ वर्षे आधी दगावतात, तर पन्नासाव्या वर्षी निदान झालेले ६ वर्षे, कारण वाढलेल्या साखरेचा मारा हृदय व मूत्रपिंडातील रक्तवाहिन्यांना अधिक काळ सोसावा लागतो. हे आकडे अहिल्यानगरला जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे ठरेल. तथापि भारतीयांत हा विकार युरोपीयांपेक्षा लवकर, आणि सडपातळ अंगकाठीतही, जडत असल्याने पाथर्डीच्या काटक ऊसतोड मजुरालाही तो होऊ शकतो. मुलाने एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दर्शविणारी चाचणी, रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि डोळ्यांचा पडदा नियमित तपासून घ्यावा.