शाळेतला तास
(आरोग्यसेविका, आशा व शिक्षक यांच्यासाठी अभ्यासपाठ)



कुटुंब कल्याणाचे काम लग्नानंतर सुरू होते, असे पुष्कळांना वाटते. जोडपे उपकेंद्रावर आले की तांबी, गोळ्या, निरोध, ‘अंतरा’ इंजेक्शन यांची माहिती द्यायची, की झाले! पण ज्या मुलीला स्वतःच्या शरीराची ओळखच कुणी करून दिली नाही, ती उद्या पाळणा लांबवण्याविषयी नवऱ्याशी कशी बोलणार? आणि ज्या मुलाला सगळे चावडीवरच्या थट्टेतून कळले, तो बायकोचे काय ऐकणार? म्हणून या कामाचा पाया शाळेतच घालावा लागतो.

हे काम कोणाचे?

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत कायमची नर्स नसते. तिचे काम अनेकांत वाटलेले आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन मुलांची तपासणी करते. 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी चालतो. 2020 पासून शाळेतल्याच शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून शिकवण्याची योजना आहे. आणि गावात कायम असते ती उपकेंद्राची आरोग्यसेविका, अन् तिच्याबरोबर आशाताई.

ए.एन.एम.च्या दोन वर्षांत सुई टोचायला, बाळंतपण करायला आपण शिकतो. पण पस्तीस मुलांसमोर उभे राहून पाळीबद्दल बोलणे ही वेगळी विद्या आहे. ती आपोआप येत नाही, शिकावी लागते.

पहिला धडा : आधी आपली जीभ सैल करा

मालवण किनाऱ्यावरच्या एका शाळेतला प्रसंग समजा. सातवीतली मुलगी उठून म्हणते, “बाई, माझ्या पोटात दुकता, माका घराक जावचा आसा.” नवी सेविका लाजते, इकडेतिकडे बघते आणि म्हणते, “जा हो, घरी जाऊन आईला सांग.” मुलगी जाते. पुढच्या महिन्यात ती चार दिवस शाळेतच येत नाही.

सेविकेने वाईट काही केले नाही. पण त्या मुलीने काय धडा घेतला? ही गोष्ट लपवायची असते, आणि नर्सबाईसुद्धा तिचे नाव घेत नाहीत!

म्हणून प्रशिक्षणात पहिल्या दिवशी जोड्या करून बसा. पाळी, गर्भाशय, योनी, लिंग, वीर्य हे शब्द एकमेकींसमोर मोठ्याने म्हणा. प्रथम हसू येईल, येऊ द्या. दहा वेळा म्हटल्यावर हसू थांबते, आणि हात, पाय, डोळा यांसारखेच हे शब्द होतात. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’ हे घरातले शब्द मुली बोलतील, त्यांना हसू नका. तुम्ही मात्र सरळ नाव घ्या.

दुसरा धडा : प्रश्नांची पेटी

मुले हात वर करून विचारत नाहीत. त्यासाठी पुठ्ठ्याचे खोके घ्या, वर फट पाडा. आठवडाभर आधी वर्गात ठेवा. प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच. प्रश्न नसेल त्याने कोरी टाकावी, म्हणजे कुणी विचारले ते कळत नाही. चिठ्ठ्या घरी आधी वाचा, उत्तराची तयारी करा.

ही रीत नवी नव्हे. आपल्याच कोकणातले मुरूडचे र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यात ते वाचकांच्या प्रश्नांना उघड उत्तरे देत. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. त्यांना जे सोसावे लागले ते आपल्याला सोसावे लागत नाही. मग आपण का गप्प बसावे?

पेटीत नेहमी निघणारे चार प्रश्न आणि उत्तरे :

1. पाळी म्हणजे घाणेरडे रक्त का? — नाही. गर्भाशयाचे आतले अस्तर दर महिन्याला तयार होते. गर्भ राहिला नाही तर ते गळून बाहेर येते. आंघोळ, जेवण, शाळा काही बंद करायचे कारण नाही.

2. झोपेत कपडे ओले होतात, हा रोग का? — नाही. वयात येणाऱ्या मुलांत हे सहज होते. त्याने अशक्तपणा येत नाही. वैदूकडे पैसे घालवू नका.

3. पाळी आली म्हणजे लग्नाचे वय झाले का? — मुळीच नाही. कायद्याने मुलगी 18 व मुलगा 21 वर्षांचा हवा. आणि पहिले मूल विशीच्या आत नको; कोवळ्या वयात आई व बाळ दोघांनाही धोका असतो.

4. मुलगा की मुलगी, हे कुणामुळे ठरते? — पुरुषाच्या बीजामुळे. आईला बोल लावणे साफ चूक. हे मुलग्यांना दोनदा सांगा!

तिसरा धडा : वचन जपून द्या

“मी कुणालाच सांगणार नाही,” असे मुलाला कधी म्हणू नका. “तुझी गोष्ट मी चावडीवर नेणार नाही, पण तुला धोका असेल तर मदत करणाऱ्याला सांगेन,” असे म्हणा. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. बालकांसाठी 1098 हा क्रमांक आहे. मोठे वचन देऊन मोडले, तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही.

चौथा धडा : गाव बघून वेळ ठरवा

आई विचारील, “आताच ह्या सगळा कशाक सांगतास पोरांका?” तिला आधी बोलवा, रागवू नका. मासळीच्या लिलावाच्या वेळी आयांची सभा ठेवली तर कोण येणार? बाप्यांची सभा जून-जुलैत घ्या. तेव्हा यांत्रिक नौका बंदीमुळे किनाऱ्याला असतात आणि शाळाही सुरू झालेली असते.

पावसाळ्यातच आणखी एक अडचण. पाळीचे कापड उन्हात वाळवा, असे आपण सांगतो. पण कोकणात चार महिने ऊन कुठले? मग मुली ते ओलसरच, दुसऱ्या कपड्याखाली लपवून ठेवतात आणि खाज, जळजळ मागे लागते. अशा वेळी कापडाचे जास्त तुकडे ठेवा, वाऱ्यावर मोकळे वाळवा, इस्त्री असेल तर फिरवा, असे सांगा. पुस्तकातले वाक्य गावाला लावून सांगणे, हेच खरे आरोग्यशिक्षण.

एक गोष्ट विसरू नका

1975 ते 77 च्या आणीबाणीत शस्त्रक्रियांसाठी सक्ती झाली आणि लोक आरोग्य खात्याची गाडी दिसली की पळू लागले. तुटलेला विश्वास जोडायला वर्षे लागली. वरून येणारी उद्दिष्टे 1996 साली बंद झाली. शाळेतही तेच लागू आहे. भीती घालून, दटावून शिकवू नका. माहिती द्या, निर्णय त्यांचा त्यांना मोठेपणी घेऊ द्या.

स्वाध्याय

1. वरच्या प्रसंगातल्या मुलीला तुम्ही काय म्हणाल? तीन वाक्ये लिहा आणि मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवा.
2. तुमच्या गावात पाळीला कोणते शब्द आहेत? यादी करा.
3. ज्या प्रश्नाचे उत्तर येत नाही, तो वहीत लिहा व प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचारा. “मला ठाऊक नाही, विचारून सांगते,” असे म्हणण्यात कमीपणा नाही. मात्र पुढच्या खेपेला सांगाच!

आज शाळेत दिले सरळ उत्तर,
उद्या घरात सुखाचा संसार.