घर विकण्याआधी विजेचा हिशेब पुरा करा

समजा, मैलापुरात कपालीश्वराच्या तळ्याजवळच्या एका गल्लीत तुमचे आजोबांपासूनचे घर आहे. खाली एकच मीटर आहे आणि ईबी कार्डावर अजून आजोबांचेच नाव आहे. मागे कधीतरी वर दोन खोल्या चढवून भाड्याने दिल्या. त्यांची वीज खालच्याच मीटरवरून नेली. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीला मात्र कोणीतरी मीटरच्या अलीकडूनच तार जोडून दिली. दर दोन महिन्यांनी येणारे बिल तुम्ही वेळेवर भरता, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते.

आता घर विकायचे ठरले. तुम्ही 5 लाख रुपये इसार घेतला आणि तो नव्या फ्लॅटच्या बुकिंगला भरूनही टाकला. घेणारा कर्ज काढणार आहे. त्याच्या बँकेचा माणूस घर पाहायला येतो आणि विचारतो, "तीन बिऱ्हाडे, मग मीटर एकच कसा?" कर्ज थांबते, घेणारा इसार परत मागतो आणि तुमच्या हातात पैसे नसतात. हा प्रसंग टाळण्यासाठी हा पाठ आहे.

आधी आपला प्रकार ओळखा

1. जुने नाव, पण वीज मीटरमधून: हा गुन्हा नाही. वारसाच्या नावावर जोडणी करून घेण्याचे काम राहिले आहे, एवढेच.

2. मीटरमधून, पण मंजूर जागेबाहेर किंवा मंजूर कारणाबाहेर: वीज कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे हा अनधिकृत वापर ठरू शकतो. आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. वापर कधीपासून सुरू आहे हे कळले नाही, तर तपासणीपूर्वीचे 12 महिने धरतात.

3. मीटरला वगळून जोडलेली तार: कलम 135 प्रमाणे ही वीजचोरी आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. चोरी आढळताच पुरवठा तोडता येतो. आकारलेली रक्कम भरल्यावर 48 तासांत तो पुन्हा जोडायचा असतो. तार आजोबांच्या काळातली असली, तरी आज ती वीज तुम्ही वापरता, हे विसरू नका.

घर विकले म्हणजे सुटलो, असे नाही

अनेकांना वाटते की थकबाकी जुन्या मालकाची, नव्याचा काय संबंध? 19 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान खटल्यात सांगितले की, नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी जुन्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय त्या जागेला नवी जोडणी नाकारू शकते. त्यामुळे जाणकार घेणारा आधी विजेची चौकशी करतो.

सब-रजिस्ट्रारकडून मिळणाऱ्या भारमुक्तता दाखल्यात, म्हणजे आपण ज्याला ईसी म्हणतो त्यात, नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. विजेची थकबाकी किंवा बेकायदा तार त्यात दिसत नाही. ईसी स्वच्छ आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, घेणाऱ्याला सहज न दिसणारा पण तुम्हाला माहीत असलेला महत्त्वाचा दोष त्याला सांगणे तुमचे कर्तव्य आहे. लपवलेली गोष्ट विक्रीनंतर उघड झाली, तर वाद तुमच्या दारात येतो.

क्रमाने काय करावे

पहिले, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून घर तपासून घ्या. कोणती खोली कोणत्या मीटरवर आहे ते कागदावर लिहा. मीटरच्या अलीकडच्या तारेला स्वतः हात लावू नका. त्यात जिवाला धोका आहे.

दुसरे, तिसऱ्या प्रकारची तार निघाली तर त्या खोलीचा वापर लगेच थांबवा. वकिलाचा सल्ला घ्या आणि मग सेक्शन ऑफिसला लेखी कळवा. आपणहून कळवले म्हणून मागची आकारणी माफ होतेच असे नाही. पण कलम 152 मध्ये तडजोडीची सोय आहे. कायद्यातील मूळ तक्त्यात घरगुती वापरासाठी ही रक्कम किलोवॅटमागे 4,000 रुपये आहे. सरकार ती बदलू शकते. वापरलेल्या विजेची आकारणी वेगळी भरावी लागते आणि ही सवलत एका व्यक्तीला एकदाच मिळते.

तिसरे, कलम 126 ची आकारणी चुकीची वाटली तर आधी हरकत नोंदवा. अंतिम आदेशानंतर 30 दिवसांत अपील करता येते, पण आधी निम्मी रक्कम भरावी लागते. या गोष्टींना वेळ लागतो, म्हणून त्या इसार घेण्यापूर्वी उरका.

चौथे, वारस दाखला, मालमत्ता कराची पावती आणि खरेदीखताची प्रत जमवून नाव बदलून घ्या. जुन्या कार्डावर तमिळनाडू वीज मंडळाचे नाव असेल. आज वितरणाचे काम त्याच्या वारस कंपनीकडे आहे. जोडणी क्रमांक जपून ठेवा.

पाचवे, वरच्या बिऱ्हाडासाठी वेगळ्या मीटरचा अर्ज करा. 2024 च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या नियमांप्रमाणे महानगरात, अर्ज पूर्ण असेल आणि नवी वाहिनी टाकावी लागत नसेल, तर 3 दिवसांत जोडणी द्यायची असते. खरा वेळ कागद जमवण्यात जातो. वरच्या बांधकामालाच परवानगी नसेल, तर आधी तो प्रश्न सोडवा.

सहावे, अनामत विसरू नका. विजेसाठी भरलेली सुरक्षा ठेव तुमचाच पैसा आहे आणि कायद्याप्रमाणे तिच्यावर व्याज मिळते. ती घेणाऱ्याच्या नावे करायची की तुम्ही परत घ्यायची, हे करारात लिहा. ताबा देण्याच्या दिवशीचे मीटर वाचन दोघांच्या सह्यांनिशी नोंदवा.

लक्षात ठेवा

ही कामे पुरी होईपर्यंत इसार घेऊ नका. घेतलाच असेल, तर तो खर्च न करता बचत खात्यात वेगळा ठेवा.

करून पाहा

आज घरी गेल्यावर मेन स्विच बंद करा आणि सगळ्या खोल्यांतून फिरून या. मीटरच्या पुढची सगळी वीज गेल्यावरही एखादा दिवा जळत राहिला, तर घर विकण्याआधीचे तुमचे पहिले काम तेच आहे.