निघालेले पत्र कोठे अडते?

ई-मेल लिहून झाल्यावर आपण 'पाठवा' या शब्दावर बोट ठेवतो आणि पत्र पोहोचले असे समजतो. वास्तविक त्या क्षणी ते केवळ आपल्या हातून सुटलेले असते. पुढे ते वाहून नेण्याचे काम मेल सर्व्हर करतो. एखादी संस्था हा सर्व्हर स्वतःच चालवते, तेव्हा वाटेतील अडथळे शोधणे ही तिचीच जबाबदारी ठरते. या पाठात अशाच एका शोधाची हकीकत दिली आहे.

२०१९ साली आमच्या अभ्यासकेंद्राने परीक्षा-अर्जाची अंतिम तारीख कळवणारी पत्रे 'पोस्टफिक्स' या मुक्त प्रणालीच्या साहाय्याने पाठवली. मुदत टळल्यानंतर एक विद्यार्थिनी केंद्रात आली. तिला पत्र मिळालेच नव्हते, आणि तिची त्या सत्राची परीक्षा हुकणार होती. चौकशी करता असे अनेक जण निघाले.

अशा वेळी बहुतेक जण सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करतात. त्याने काही साधत नाही. प्रथम पाहावयाच्या गोष्टी दोनच : पत्रांची रांग आणि सर्व्हरची नोंदवही. नोंदवहीत आमच्या प्रत्येक पत्रापुढे 'जोडणीची वेळ संपली' अशा अर्थाचा शेरा होता. एका मेल सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पत्र जाते ते पंचवीस क्रमांकाच्या पोर्टमधून. अनाहूत पत्रांचा सुळसुळाट रोखण्यासाठी अनेक इंटरनेट सेवादाते हे दार बाहेरच्या बाजूने बंदच ठेवतात. आमचेही तसेच होते.

मग सर्व्हरने हे सांगितले का नाही? सांगितले होते! पोहोचू न शकलेले पत्र पोस्टफिक्स रांगेत ठेवतो आणि पुनःपुन्हा प्रयत्न करतो. वेगळी सूचना दिली नसेल, तर हा क्रम पाच दिवस चालतो. उशीर होत असल्याची वार्ता मधल्या काळात प्रेषकाला मिळत नाही. पाच दिवसांनी पत्र परत येते. आमची पत्रेही परत आली होती. परंतु ज्या पत्त्यावर आली, ती पेटी कोणी उघडतच नव्हते. माझ्या मते खरी चूक पोर्टची नव्हे, या न उघडलेल्या पेटीची होती.

सेवादात्याला विनंती करून दार उघडून घेतले. आता उत्तरे तत्काळ येऊ लागली, पण नकाराची. येथे एक खूण लक्षात ठेवा. उत्तराचा आकडा चारने सुरू होत असेल, तर अडचण तात्पुरती आहे आणि सर्व्हर पुन्हा प्रयत्न करील; तो पाचने सुरू होत असेल, तर नकार कायमचा आहे. आम्हाला पाचशे पन्नास हा आकडा मिळाला. आमच्या आयपी क्रमांकावरून उलट शोध घेतला असता कोणतेच नाव सापडत नव्हते. ही उलट नोंद डोमेनच्या मालकाला करता येत नाही. ती आयपी क्रमांक ज्याच्या ताब्यात असतो त्याच्याकडून करून घ्यावी लागते. ती होताच नकार थांबले.

तरीही काही पत्रे स्पॅमच्या कप्प्यात पडत होती. पोहोचलेल्या एका पत्राचे मूळ शीर्षक उघडून पाहिले, तेव्हा एसपीएफची तपासणी फसल्याचे आढळले. आपल्या डोमेनच्या नावे पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे, हे एसपीएफची नोंद जाहीर करते. डोमेनला अशी नोंद एकच असावी लागते. आमच्याकडे दोन होत्या : एक जुन्या सेवेची, एक नवी. दोन साक्षी परस्परांना पूरक ठरतील असे वाटले होते, पण नियमानुसार दोन्ही बाद झाल्या. त्यांची एक नोंद केली आणि प्रत्येक पत्रावर डीकेआयएमची सांकेतिक स्वाक्षरीही सुरू केली. २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी प्रेषकांसाठी अशा पडताळणीचे नियम अधिक कडक केले आहेत. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे जीमेलकडे धाडणाऱ्यांना डीमार्कची नोंदही आवश्यक असते.

दुरुस्तीच्या घाईत एक मोह टाळावा. कोणालाही आपल्या सर्व्हरमधून पत्र पुढे पाठवण्याची मुभा दिली, तर चाचणी सोपी होते खरी; परंतु असा मोकळा सर्व्हर अनाहूत पत्रे पाठवणाऱ्यांच्या हाती लवकरच पडतो आणि त्याचा आयपी क्रमांक काळ्या यादीत जातो. तेथून नाव काढून घेणे जिकिरीचे असते.

त्या विद्यार्थिनीचा अर्ज मुदतीनंतर स्वीकारावा, अशी विनंती केंद्राने लेखी केली. सोबत नोंदवहीचे एक छापील पान जोडले. त्यावर तिचा पत्ता, पाचही दिवसांचे प्रयत्न आणि प्रत्येकाची वेळ होती. अर्ज स्वीकारला गेला.

पाठगत प्रश्न
१. पत्र परत येऊनही केंद्राला ते का कळले नाही?
२. चारने आणि पाचने सुरू होणाऱ्या उत्तरांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. 'खरी चूक न उघडलेल्या पेटीची होती', हे लेखकाचे मत तुम्हाला पटते का? सकारण लिहा.