गिटारचा दांडा आणि हत्यारांची निवड



इतिहासाचा शिक्षक सुतारकामावर लेख लिहितो याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्या वसतिगृहात एका माजी विद्यार्थ्याने भेट दिलेली गिटार होती. ती पडली आणि तिचा दांडा, ज्याला वादक 'नेक' म्हणतात, खुंट्यांच्या खालीच मोडला. दांडा बोल्टांनी जोडलेला असल्यामुळे नवा घडवून बसवणे शक्य होते. रविवारच्या कार्यशाळेत नववीच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन आम्ही ते काम हाती घेतले. पहिला दांडा वाया गेला, दुसरा साधला. पहिला वाया जाण्याचे कारण हत्याराची चुकीची निवड हे होते, आणि ती निवड आमची होती. त्या अनुभवातून जे शिकलो ते या पाठाच्या रूपाने मांडत आहोत.

दांड्याचे गणित

पोलादी तारांच्या गिटारचा दांडा नटपाशी साधारणतः ४३ मिलिमीटर रुंद असतो. नायलॉनच्या तारांच्या स्पॅनिश गिटारचा सुमारे ५२ मिलिमीटर. पोलादी तारांच्या गिटारची जाडी, पडद्यांची पट्टी धरून, पहिल्या पडद्यापाशी २१ मिलिमीटरच्या आसपास आणि नवव्या-दहाव्या पडद्यापाशी २३ ते २४ मिलिमीटर असते. एवढ्या लांबीत जाडीचा फरक अवघा दोन-तीन मिलिमीटरांचा; परंतु वादकाच्या अंगठ्याला तोही जाणवतो.

सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या आसपास जातो. त्या ओढीने दांडा वाकू नये म्हणून त्याच्या पोटात पोलादी सळई बसवतात. पिळून ताण कमी-जास्त करता येणारी अशी सळई अमेरिकेतील गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२०च्या दशकात पुढे आणली. आमच्या दांड्यात सळईसाठी सुमारे १० मिलिमीटर खोल खाच होती. आता वजाबाकी करावी. एकूण जाडी २१. त्यातून पट्टीचे ६ आणि खाचेचे १० वजा केले, तर उरतात ५. पाठीकडून हत्यार चालवणाऱ्याच्या हाती एवढेच लाकूड असते. हत्यारांची निवड या पाच मिलिमीटरांनी ठरते.

तीन टप्पे, तीन प्रकारची हत्यारे

पहिला टप्पा नको असलेले लाकूड काढण्याचा. चौकोनी ठोकळ्याची बाजू करवतीने कापून झाली की दोन मुठींचा ओढायचा चाकू, ज्याला इंग्रजीत ड्रॉनाइफ म्हणतात, सर्वांत वेगाने काम करतो. दोन्ही हातांनी तो आपल्याकडे ओढायचा असतो. परंतु तो लाकडाच्या रेषेमागे जातो. रेषा आत वळली असेल, तर पातेही आत शिरते आणि मोठी चीर निघते. म्हणून नवशिक्याने तो आखलेल्या रेषेपासून चांगला दूर असतानाच वापरावा, किंवा वापरूच नये.

दुसरा टप्पा आकार देण्याचा. येथे खरे हत्यार म्हणजे स्पोकशेव्ह. हा दोन्ही बाजूंना मुठी असलेला, आखूड तळाचा रंधाच होय. पाते तळातून किंचितच बाहेर असल्यामुळे तो एका वेळी पातळ ढलपी काढतो. त्याचे सपाट तळाचे आणि गोल तळाचे असे दोन प्रकार मिळतात. दांड्याची पाठ लांबीच्या दिशेने जवळजवळ सरळ असते, म्हणून सपाट तळाचा घ्यावा. दांडा जिथे डोक्याला आणि बुंध्याला मिळतो, तिथे आतली वळणे असतात. तिथे सपाट तळ टेकत नाही. त्या जागी अर्धगोल रास्प, म्हणजे दाणेदार दातांची लाकडाची कानस, आणि पटाशी कामास येते.

रास्पचेही प्रकार आहेत. यंत्राने दात पाडलेल्या रास्पवर दात ओळीत असतात. त्यामुळे लाकडावर समांतर चरे उमटतात. हाताने दात उठवलेल्या रास्पवर ते थोडे विखुरलेले असतात आणि पृष्ठभाग अधिक नितळ येतो. अशी रास्प महाग असते. शाळेला यंत्राची मध्यम दातांची रास्प आणि तिच्या पाठोपाठ बारीक कानस पुरते.

तिसरा टप्पा नितळ करण्याचा. पोलादी पत्र्याचा पातळ तुकडा, म्हणजे स्क्रेपर, कड नीट वळवून घेतली तर धुळीऐवजी तलम ढलप्या काढतो. तो नसेल तर आपले सुतार काचेच्या तुकड्याने लाकूड खरवडतात, तेही चालते; मात्र मुलांच्या हाती काच देऊ नये. शेवटी ८०, १२०, १८० आणि २४० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने वापरावा.

लाकूडही हत्यार निवडते

आम्ही तूण निवडला. सतारीसाठी तूण पूर्वापार वापरला जातो, आणि स्पॅनिश गिटारच्या दांड्याला वापरला जाणारा सीडर हा त्याचाच नातलग आहे. तूण हलका असतो व पात्याला सहज वश होतो. सागात सिलिकाचा अंश असल्याने धार लवकर जाते. मेपल कठीण, आणि त्याच्या लहरी रेषा उलट दिशेने चाललेल्या पात्याने उपटतात. तिथे रंध्यापेक्षा रास्प आणि स्क्रेपर बरे. लाकूड कोणतेही असो, धार लावायचा दगड हत्याराच्या किमतीतच धरावा. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात थांबायच्या जागी थांबत नाही.

आमची चूक

पहिला दांडा एक विद्यार्थिनी घडवत होती. आम्ही शिकवल्याप्रमाणे तिने मध्यरेषा आखली होती. पहिल्या आणि नवव्या पडद्यापाशी पुठ्ठ्याच्या साच्याला जुळेल असा आकार तिने आधी घडवून घेतला होता आणि त्या दोन जागांच्या मधले लाकूड ती स्पोकशेव्हने उतरवत होती. तिचे काम सावकाश चालले होते. स्मरणिकेच्या कार्यक्रमापूर्वी गिटार वाजावी या घाईने आम्ही तिच्या हातातून काम घेतले, जाड दातांची रास्प उचलली आणि "असे लवकर होते" म्हणून दाखवू लागलो. काही मिनिटांतच रास्प खाचेत उतरली. आत सळई दिसू लागली.

विद्यार्थिनी काही बोलली नाही. तिने साचा उचलून त्या जागी लावला आणि आम्हाला फट दाखवली. साचा वारंवार लावून पाहावा, हे आम्हीच तिला सांगितले होते.

दुसरा दांडा तिनेच पूर्ण केला. या वेळी पाठीवर रेषा आखून आधी दोन्ही कडांना सपाट पैलू पाडले, मग त्या पैलूंच्या कडांना आणखी लहान पैलू, आणि शेवटी सर्व कडा मोडून गोलाई आणली. या पद्धतीत किती लाकूड उरले ते डोळ्यांना सतत दिसते. पोलादी पट्टी लांबीने टेकवून, खिडकीचा उजेड बाजूने घेऊन, तिने सावल्यांवरून उंचवटे हेरले.

इतिहासातील एक वाद

गिटारच्या इतिहासात याच प्रश्नाचा एक मोठा दाखला आहे. जर्मनीतील सॅक्सनीमधल्या मार्कनॉयकिर्शेन गावी १७९६ साली ख्रिस्तियान फ्रीडरिश मार्टिन यांचा जन्म झाला. घराणे फर्निचर करणाऱ्या सुतारांचे. ते व्हिएन्नात योहान गेओर्ग श्टाउफर यांच्याकडे गिटार घडवण्यास शिकले. परंतु गावातील व्हायोलिनकारांच्या संघाने हरकत घेतली, की वाद्य घडवणे हा आमचा हक्क आहे. सुतारांनी फर्निचर करावे, गिटार करू नये. सुतारांनी झगडून आपला हक्क टिकवला. तरीही १८३३ साली मार्टिन कुटुंब न्यूयॉर्कला निघून गेले आणि पुढे पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थिरावले. त्यांच्या नावाची कंपनी आजही तेथे गिटारी घडवते.

कामाची वाटणी वेगळी आणि काम करणाऱ्यांची वाटणी वेगळी, हा भेद या स्मरणिकेच्या वाचकांना निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. हत्यार कोणाच्या घराण्याचे नसते. ज्याने धार लावली, साचा लावून पाहिला आणि वेळ दिला, त्याच्या हातात ते चालते. त्या रविवारी आम्ही विद्यार्थिनीच्या हातातून काम काढून घेतले, तेव्हा क्षणभर आम्हीही त्या संघाच्या बाजूला उभे होतो, हे येथे नमूद करणे आम्हाला आवश्यक वाटते.

काय घ्यावे

प्रारंभासाठी एवढे पुरे : सपाट तळाचा एक स्पोकशेव्ह, मध्यम दातांची एक अर्धगोल रास्प, एक बारीक अर्धगोल कानस, एक पटाशी, एक स्क्रेपर, पोलादी पट्टी, जाडी मोजायला कॅलिपर, पुठ्ठ्याचे दोन साचे, धारेचा दगड आणि बाकाला जोडलेला शेगडा. नाकावर मास्क हवाच. विशेषतः शिसवीची पट्टी घासताना, कारण तिची धूळ अनेकांना बाधते. हत्यार उचलण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : रेषेपर्यंत अजून किती लाकूड आहे? सेंटिमीटर असेल तर करवत, काही मिलिमीटर असतील तर स्पोकशेव्ह किंवा रास्प, एक मिलिमीटर असेल तर कानस, आणि त्याहून कमी असेल तर स्क्रेपर.

वाया गेलेला दांडा आम्ही कार्यशाळेच्या भिंतीवर टांगला आहे. नवे विद्यार्थी विचारतात, तेव्हा चूक कोणाची हे आम्हीच सांगतो. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी वापरात नसलेले रंधे, पटाशा किंवा कानसी पडून असतील, त्यांनी पुढच्या मेळाव्याला येताना त्या सोबत आणाव्यात, ही विनंती. गंज आम्ही काढू, धार विद्यार्थी लावतील.