परवान्यावर चालणारा जोडधंदा

जोडधंदा निवडताना आपण भांडवल पाहतो, नफा पाहतो. गिऱ्हाईक कशामुळे येते, हे मात्र फारसे पाहत नाही. हा मुद्दा समजण्यासाठी आम्ही आज अमेरिकेतील टेक्सास राज्याचे उदाहरण घेत आहोत.

तेथे १९९५ च्या कायद्याने पिस्तूल बाळगण्याचे परवाने सुरू झाले. परवान्यासाठी चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा आणि ५० गोळ्यांची नेमबाजी चाचणी असते. चाचणीत २५० पैकी १७५ गुण लागतात. हे शिकविणारा शिक्षक सरकारमान्य असावा लागतो. अनेकजण नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी हे काम करतात.

आता हिशेब मांडू. समजा, फी ७५ डॉलर आणि विद्यार्थी सहा; जमा ४५० डॉलर. मैदानाचे भाडे, विमा, जाहिरात व कागदपत्रे यांचे २०० वजा जाता उरले २५०. शिकविणे, तयारी, प्रवास मिळून बारा तास गेले, तर तासाला जेमतेम २१ डॉलर पडतात. सुरुवातीचा खर्च १,५०० डॉलर धरला, तर सहा वर्ग होईपर्यंत हाती काही नाही.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते. म्हणजे ज्या सक्तीमुळे गिऱ्हाईक येत होते, ती सक्तीच गेली. परवाना अजून मिळतो. इतर अनेक राज्यांत तो चालतो, नवे पिस्तूल घेतानाही उपयोगी पडतो. पण आता विद्यार्थी गरजेपोटी नव्हे, फायदा पटला तरच येणार. केवळ सहीसाठी येणाऱ्यांवर ज्याचा धंदा होता तो अडचणीत येईल. मनापासून शिकविणाऱ्याकडे लोक येत राहतील.

तिसरी गोष्ट जबाबदारीची. १७० गुण मिळविणाऱ्याला ओळखीखातर पास केले, तर त्या कागदावर सही आपली असते. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याने या कामात पडू नये.

आपल्याकडचे मोटार ड्रायव्हिंग स्कूल याच जातीचा धंदा आहे. म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंना आमचा सल्ला असा : सरकारी नियमावर उभा असलेला जोडधंदा घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. खर्च किती दिवसांत निघेल? नियम उद्या बदलला तर गिऱ्हाईक कशासाठी येईल? आणि आपल्या सहीची जबाबदारी आपल्याला पेलेल काय? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तरच भांडवल घालावे.