डिझेलच्या टाकीतला गंज, जुना थर आणि आपली मळी



उसाला पाण्याची पाळी यावी आणि नेमकी वीज जावी, हे आपल्याला नवीन नाही. मग कोपऱ्यात पडलेलं डिझेल इंजिन बाहेर निघतं. ते दहा मिनिटं चालतं आणि गुदमरून बंद पडतं. फिल्टर बदलला की आणखी दहा मिनिटं. मिस्त्री कधी पंपाला दोष देतो, कधी नोझलला. टाकीत डोकावून पाहायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही.

आमच्या वर्कशॉपकडे असंच एक इंजिन आलं होतं. अलिबाग तालुक्यातल्या किहीमच्या एका वाडीतून ते एका सभासदाने जुनं म्हणून विकत घेतलेलं. टाकीला बाहेरून ताजा निळा रंग, पण आत बॅटरीचा उजेड टाकला तर तळाला विटकरी चिखल, आणि कधी काळी आतून दिलेल्या रंगाचे पोपडे सुटून लोंबत असलेले. किहीमला नारळी-पोफळीच्या वाड्या थेट समुद्रालगत आहेत. तिथली हवा खारी. टाकी अर्धी रिकामी राहिली की दिवसा ती हवा आत जाते, रात्री पत्रा थंड झाला की आतून घाम सुटतो, आणि हे पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं. म्हणून टाकी नेहमी बुडाकडून सडते. घाटावरही घाम सुटतोच, पण किनाऱ्यावरच्या गंजात मीठ मुरलेलं असतं आणि ते हवेतली ओल सतत ओढून घेतं. असा गंज वरवर खरवडून रंग मारला तर तो रंगाखाली पुन्हा वाढतो. त्या टाकीचं तेच झालं होतं.

साफसफाईकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एका ठिणगीने स्फोट होतो, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तेवढं मिश्रण सहज तयार होतं. डिझेलचं भय नाही असं पुष्कळजण म्हणतात. पण आपल्याकडच्या डिझेलचा प्रज्वलनबिंदू किमान 35 अंश सेल्सिअस एवढाच ठरवलेला आहे, आणि मे महिन्यात उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो. तेव्हा विडी-काडी लांब ठेवावी, आत ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश लावलेलं ड्रिल चालवू नये, आणि भोक दिसलं म्हणून टाकी तशीच वेल्डिंगवाल्याकडे तर मुळीच नेऊ नये. नुसती पाण्याने विसळलेली टाकीसुद्धा तापली की सांध्यातून वाफ सोडते.

आधी सगळं डिझेल काढून कॉक, जाळी आणि नळ्या सोडवाव्यात. मग गरम पाणी व कपडे धुण्याची पावडर घालून टाकी हलवून धुवावी, तेलकट वास जाईपर्यंत तीन-चार वेळा. हे काम कंटाळवाणं आहे, पण तेलाचा पापुद्रा राहिला की पुढचं कुठलंच पाणी गंजापर्यंत पोचत नाही.

आता जुना थर. कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत बसलेली खर सोडवायला कॉस्टिक सोड्याचं पाणी उकळतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तेलाच्या रंगावर तोच उपाय चालतो. एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम कॉस्टिक घ्यावा. तो थोडाथोडा पाण्यात घालावा, कॉस्टिकवर पाणी ओतू नये. हातमोजे आणि चष्मा हवाच, डोळ्यात थेंब गेला तर डोळा जाऊ शकतो. ॲल्युमिनियमच्या टाकीला किंवा भागाला हा उपाय करू नये, कॉस्टिक ते खातो. इपॉक्सीचा थर कॉस्टिकला दाद देत नाही. त्याला रंग काढायचं द्रावण लागतं आणि त्याची वाफ विषारी, म्हणून ते काम मोकळ्या हवेत माहीतगार माणसाने करावं. जुन्या शेंदरी प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. ते पोपडे कोरडे खरवडू नयेत, जाळू तर नयेतच.

सुटे पोपडे काढायला टाकीत पाणी व हातभर साखळी घालून ती हलवावी. काहीजण खडी किंवा नट घालतात. त्यातला एखादा आत राहतो आणि मग तो शोधत बसावं लागतं. साखळी एका ओढीत बाहेर येते.

राहिला गंज, आणि इथे आपली मळी कामाला येते. मळी म्हणजे काळा, दाट मोलॅसिस. शेतात टाकतात ती प्रेसमड नव्हे. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी, म्हणजे वीस लिटरच्या टाकीला दोन लिटर मळी. टाकी काठोकाठ भरून आठ ते पंधरा दिवस सावलीत ठेवावी. मळीतली द्रव्यं गंजातलं लोखंड धरून पाण्यात ओढतात, चांगल्या पोलादाला मात्र फारशी इजा करत नाहीत. पाणी आंबून वायू सुटतो, म्हणून झाकण घट्ट लावू नये. वास येतो, त्याला इलाज नाही. जस्त आणि ॲल्युमिनियमचे भाग आधी काढून ठेवावेत. मळीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे, तेव्हा ती रीतसरच घ्यावी. घाई असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व लिटरला पन्नास ग्रॅम प्रमाणे घालून एक-दोन दिवस ठेवलं तरी काम होतं. संडास धुण्याचं ॲसिड तासाभरात गंज उतरवतं खरं, पण पत्राही खातं आणि मागे तेच क्षार ठेवतं जे समुद्राने ठेवले होते. आम्ही ते वापरत नाही.

गंज सुटल्यावर टाकी गोड्या पाण्याने भरपूर विसळावी. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्यासाठी पावसाचं साठवलेलं पाणी घ्यावं. शेवटचं पाणी धुण्याच्या सोड्याचं. उघडं पोलाद काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतं, म्हणून गरम हवेने लगेच वाळवावं आणि थंड झाल्यावर आतून डिझेल फिरवावं. मग तळाला बाहेरून स्क्रू-ड्रायव्हरने दाबून पाहावं. पत्रा दबला तर टाकी बदलणं स्वस्त पडतं. पत्रा धड असेल तर डिझेलच्या टाकीला आतून नवा थर देऊच नये, असं आमचं मत आहे. जस्ताचा तर नकोच. डिझेलमध्ये जस्ताचा साबणासारखा साका होतो आणि फिल्टर तुंबतो.

पेट्रोलच्या टाकीचं गणित थोडं निराळं. आपल्याच उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असतं. ते पाणी ओढतं आणि जुन्या पद्धतीचे काही थर मऊ करून सोडवतं. स्कूटरच्या किंवा फवारणी पंपाच्या टाकीत थर द्यायचाच झाला, तर इथेनॉलला टिकणारा आहे का ते डब्यावर वाचून घ्यावं.

वापरलेलं मळीचं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा उसात सोडू नये. गोड वासाने जनावरं तिकडे धावतात, आणि त्यात डिझेल व रंगातलं शिसं असतं. ते झाकणाच्या पिंपात भरून, गोठ्यापासून लांब ठेवून वर्कशॉपला कळवावं.