लहानांसाठी बदललेले खेळ

प्राथमिक शाळेतील खेळाचा तास म्हणजे मुलांना मैदानावर मोकळे सोडण्याचा तास, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. याहून अधिक आस्था असलेला शिक्षक खो-खोचे मैदान आखतो, मोठ्यांचे सर्व नियम समजावून देतो आणि शिटी वाजवितो. त्याचा हेतू स्तुत्यच होय. परंतु वर्गात चाळीस मुले आहेत असे धरून थोडे गणित करून पाहावे. पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण बसलेले, धावणारा एकटा. आणि पळणारे गडी एका वेळी तीन. म्हणजे कोणत्याही क्षणी चाळिसांपैकी केवळ चौघे धावत असतात! उरलेली मुले बसतात, पाहतात, नाही तर एकमेकांवर धूळ उडवितात.

बरे, या चौघांत तरी अधिक वेळ कोण धावतो? जो मुळातच चपळ आहे तो. ज्याचे पाय जड आणि दम अपुरा, तो प्रारंभीच बाद होऊन कडेला बसतो. ज्याला व्यायामाची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच वाट्याला तो सर्वांत कमी यावा, हा उलटा न्याय नव्हे काय? 'मला खेळ येत नाही' ही समजूत त्याच्या मनात दुसरीच्या वर्गातच घर करते. हेच मूल पुढे हायस्कुलात आले की खेळाच्या तासाला नेमके त्याचे पोट दुखू लागते. ही पोटदुखी आम्हां शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे.

यावर कोणी म्हणेल की, नियम ते नियम. ते कसे बदलावे? पण नियमांचा इतिहास पाहिला तर हा धाक उरत नाही. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने थंडीच्या दिवसांत घरात खेळता यावा म्हणून बास्केटबॉलचा खेळ रचला. पीच फळांच्या दोन टोपल्या त्याने व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या. तो सज्जा दहा फूट उंच होता, आणि म्हणून जगभर मोठ्यांच्या खेळातले कडे आजही दहा फुटांवरच आहे. सज्जा आठ फुटांवर असता तर? पुढे 1950 च्या सुमारास जे आर्चर या गृहस्थाने मुलांसाठी ते कडे खाली आणले. आज लहानांच्या मिनी-बास्केटबॉलमध्ये ते 2.60 मीटरवर असते, आणि चेंडूही लहान असतो. खेळाचा प्राण कड्याच्या उंचीत नाही, हे त्यावरून दिसून येते.

आपल्याकडेही ही दृष्टी नवी नाही. जुन्या कबड्डीचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार होते. गामिनीत बाद झालेला गडी बाहेरच राही. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला गडी पुन्हा जिवंत होई. आणि अमरमध्ये गुण मोजला जाई, पण गडी मैदान सोडीत नसे. पहिली-दुसरीच्या मुलांना माझ्या मते 'अमर'च योग्य. त्यातही पकड नको. आमच्याकडच्या चिऱ्याच्या खरखरीत जमिनीवर पडले की गुडघे सोलवटतात. चढाई करणाऱ्याच्या कमरेला रुमाल खोचावा. तो ओढून घेतला की झाली पकड.

आळीतल्या खेळात मोठी मुले धाकट्याला 'लिंबूटिंबू' म्हणून घेतात. तो धावतो, पण त्याचे बाद होणे कोणी मोजीत नाही. यात माया आहे, तशी थोडी हेटाळणीही आहे, आणि ती त्या पोराला बरोबर कळते. शाळेत सवलत एकट्याला न देता खेळच असा बेतावा की कोणीच लिंबूटिंबू ठरू नये.

लगोरीचेच पाहा. चाळीस मुलांचे चार गट करावेत. प्रत्येक गटात पाच विरुद्ध पाच. सात दगडांऐवजी पाच करवंट्या उपड्या रचाव्यात. त्या एकीवर एक नीट बसतात, आणि आमच्या घरोघरी त्यांना तोटा नाही. चेंडू चिंध्यांचा असावा, म्हणजे लागण्याची भीती उरत नाही. नेम धरण्यासाठी जवळची व दूरची अशा दोन रेषा आखाव्यात आणि कोठून टाकायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. (बहुतेक मुले आपण होऊनच दूरच्या रेषेकडे सरकतात.) ज्याला चेंडू लागला तो बाद नव्हे. त्याने धावत जाऊन ठरलेल्या झाडाला हात लावून यावे आणि पुन्हा लगोरी रचू लागावे. चेंडू चुकविता येत नाही, त्याचेच धावणे यात सर्वांत अधिक होते.

यात चढाओढ नाहीशी होते, मुले मऊ बनतात, अशी शंका पालक घेतात. तसे घडत नाही. दहा मिनिटांत कोणी किती लगोऱ्या रचल्या हे मोजावेच. हरणे-जिंकणे मुलांना हवेच असते. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाही तर कशाने काय साधले हे उमगत नाही. चेंडू, अंतर, गडी हे सारे हळूहळू मूळ मापाकडे न्यावे; चौथीच्या अखेरीस सातही दगड खुशाल मांडावेत.

पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, मैदान चिखलाने भरते. तेव्हा व्हरांड्यात मुलांनी समोरासमोर बसून त्याच करवंट्या पाडाव्यात आणि रचाव्यात. खेळ रंगला की आमची मुले वर्गातली मराठी विसरून 'म्हाका दी, म्हाका दी' असा घरचा घोष करितात. तेवढा वेळ शिक्षकाने भाषेकडे कानाडोळा करावा आणि चेंडू कोणाच्या हाती अद्याप गेलाच नाही, तेवढे पाहावे.